प्रांतवार सोर्सबुकं: सीमाभागातल्या खेळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडची फासे घेऊन बसणारी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट खेळायच्या खेळातल्या फरगॉटन रेल्म्स या सेटिंगबद्दल, म्हणजे कल्पित जगाबद्दल, आहेत, आणि त्यातही तिच्या एकेका प्रांतावर निघालेल्या पुस्तकांबद्दल. सुरुवात साध्या प्रश्नांनी केली आहे, अवघड प्रश्न मागे ठेवले आहेत. माझा कल आधीच सांगतो: राजधान्यांच्या पुस्तकांपेक्षा सीमेवरच्या मुलखांची पुस्तकं टेबलावर जास्त खेळ देतात. दोन राज्यांच्या मधे वाढलेल्या माणसाला ती लगेच उमगतात.

१. प्रांतवार सोर्सबुक म्हणजे नेमकं काय? मुख्य पुस्तकात सगळं नसतं काय?

नियमांचं पुस्तक तलवार कशी चालवायची ते सांगतं. सेटिंगचं पुस्तक अख्खा खंड समोर मांडतं, त्यामुळे एकेका देशाच्या वाट्याला थोडीच पानं येतात. प्रांतवार सोर्सबुक एकच मुलूख घेतं आणि तिथे कोण राज्य करतो, रस्ता कुठून जातो, काय पिकतं, कोण कुणाचं तोंड बघत नाही, कुठल्या खानावळीत कोण बसतं, हे सांगतं.

एड ग्रीनवुड यांचं हे जग जेफ ग्रब यांच्या साथीने १९८७ मध्ये टीएसआर कंपनीने पेटीरूपात बाजारात आणलं. त्याच वर्षी वॉटरडीप-उत्तर प्रांत आणि मूनशे बेटं यांच्यावर स्वतंत्र पुस्तकं आली. 'एफआर' क्रमांकाची ही मालिका १९९३ पर्यंत सोळा क्रमांकांपर्यंत गेली. पुढे १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली आणि खेळाच्या नियमांच्या तिसऱ्या आवृत्तीत जाड पुठ्ठ्याची प्रांतवार पुस्तकं सुरू झाली.

२. एकच घ्यायचं म्हटलं तर कुठलं घेऊ, सांगा की.

'सिल्व्हर मार्चेस', २००२, ग्रीनवुड आणि जेसन कार्ल यांचं, १६० पानांचं. आवृत्ती कुठलीही खेळा, हेच घ्या.

उत्तरेच्या थंड डोंगराळ मुलखात सिल्व्हरीमून, एव्हरलंड, संडाबार ही माणसांची शहरं आणि मिथ्रल हॉल, फेलबार, अ‍ॅडबार हे बटूंचे, म्हणजे ठेंगण्या ड्वार्फ लोकांचे, किल्ले एक संघ करून राहतात. संघ नवा आहे, अजून मुरलेला नाही. प्रत्येकाला दुसऱ्याची गरज आहे आणि प्रत्येकाला आपला अधिकार सोडायचा नाही. फौज कुणाची, खर्च कुणाचा, आपल्या गावच्या गुन्हेगाराला शेजारच्या गावात पकडायचं तर परवानगी कुणाची, हे वाद त्या संघाच्या रचनेतच बसलेले आहेत. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, गोष्ट शोधत बसावं लागत नाही.

फेलबारचंच बघा. किल्ला मुळात बटूंचा. ऑर्क्सनी, म्हणजे राक्षसी जमातीच्या टोळ्यांनी, तो जिंकला आणि पिढ्यान् पिढ्या राखला. त्या काळात तो 'अनेक बाणांचा किल्ला' म्हणून ओळखला गेला. मग बटूंनी तो परत घेतला. आता ऑर्कांचा राजा ओबूल्ड बाहेर फौज गोळा करतोय, आणि त्याच्या लोकांच्या लेखी तो किल्ला त्यांचा आहे, कारण त्यांचे आजे-पणजे तिथे जन्मले आणि तिथेच मेले. दोन्ही बाजूंचा दावा खरा असला की खेळाडू तलवार काढायच्या आधी बोलायला लागतात. असं सेशन, म्हणजे खेळायची बैठक, लोक वर्षभर विसरत नाहीत.

पुस्तकात थंडी, उंची, बर्फातला प्रवास यांचाही विचार आहे. तो आपल्याकडे कसा वापरायचा, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

३. त्यानंतर दुसरं, तिसरं कुठलं?

'द डेलँड्स', १९९३, रिचर्ड बेकर यांचं. इथे राजा नाही. छोटी छोटी खोरी, प्रत्येकाची पंचायत वेगळी. एका बाजूला कॉर्मिरचं राज्य, दुसऱ्या बाजूला सेम्बियाचे गर्भश्रीमंत व्यापारी, उत्तरेला झेन्टिल कीपची दहशत, आणि मधे एल्फांचं, म्हणजे दीर्घायुषी रानवासी जमातीचं, जंगल. तिघांनाही ही खोरी हवी आहेत. मला सगळ्यात आवडते ती या मुलखाच्या पायाशी असलेली गोष्ट. माणसांनी जंगलाच्या कडेला वस्ती करावी, आत कुऱ्हाड लावू नये, असा एल्फांशी करार झाला आणि त्याची खूण म्हणून एक उभा दगड रोवला गेला. अख्ख्या रेल्म्सची कालगणना त्या करारापासून मोजतात. कुठल्या राजाच्या राज्याभिषेकापासून नाही, हद्द ठरली त्या वर्षापासून.

'अनअप्रोचेबल ईस्ट', २००३, १९२ पानी. थे, आग्लारोंड, राशेमेन, थेस्क आणि ग्रेट डेल हे पाच मुलूख. सगळे थेच्या लाल जादूगारांबद्दल बोलतात, पण मला थेस्क जास्त भावतो. तुइगान टोळ्यांच्या स्वारीविरुद्ध लढायला झेन्टिल कीपने ऑर्कांची फौज पाठवली होती. युद्ध संपलं, ऑर्क तिथेच राहिले. आता ज्यांच्यासाठी ते लढले त्यांच्याच शेजारी ते शेती करतात आणि गावाला त्यांचं काय करावं ते कळत नाही. एका छोट्या नोंदीतून तीन महिन्यांचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, निघतं.

'द सॅव्हेज फ्रंटियर', १९८८, जेनेल जॅक्वेज यांचं. त्यातल्या उथगार्ट टोळ्या, त्यांचे प्राणी-पूर्वज आणि पूर्वजांच्या समाधीटेकड्या आजही कुठल्याही जंगलात नेऊन ठेवता येतात. आर. ए. साल्व्हाटोर यांचं 'द ब्लडस्टोन लँड्स', १९८९, डोंगरखिंडीच्या दोन बाजूंना असलेल्या दोन देशांवर आहे. ज्यांना युद्ध संपल्यानंतरचा काळ खेळायचा आहे त्यांनी घ्यावं.

४. सीमा सीमा म्हणताय, पण वॉटरडीपमध्ये मजा नाही काय?

मजा आहे. मुखवटा घातलेले लॉर्ड्स, शहराखाली अंडरमाउंटनची भुयारं, दर गल्लीत एक गोष्ट. २००५ चं 'सिटी ऑफ स्प्लेंडर्स: वॉटरडीप' चांगलंच आहे. माझी तक्रार एवढीच की महानगराच्या पुस्तकात ताकदीची माणसं फार असतात. पहिल्या लेव्हलची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या नवख्या पात्रांची टोळी, काहीही करायला गेली की तिच्यापेक्षा थोर कुणीतरी आधीच हजर असतो. टिल्व्हर्टनसारख्या सरहद्दीच्या गावात असं होत नाही. तिथे कॉर्मिरची शिबंदी असते, पण कॉर्मिर लांब असतं.

राज्याच्या आतच खेळायचं असेल तर 'कॉर्मिर', १९९४, हे एरिक हॅडॉक यांचं पुस्तक बघा. तिथे हत्यारबंद टोळीला राजाची सनद लागते, गावात तलवारीला दोरी बांधून ठेवावी लागते, आणि मांजराला जाणूनबुजून इजा करायला कायद्याने मनाई आहे. नाक्यावर शिपाई तलवारीची दोरी तपासतो, गाठ सैल असली की बाजूला उभं करतो, आणि पार्टीचा बार्ड, म्हणजे गवई, तोवर लाच किती द्यायची ते ठरवत असतो. राज्य म्हणजे काय, ते त्या दोरीत दिसतं.

५. आम्ही पाचवी एडिशन खेळतो. जुनी पुस्तकं चालतात काय?

चालतात. गावं, घराणी, नद्या, भांडणं यांना आवृत्ती नसते. आकडेच बदलावे लागतात, आणि तेही सगळे नाहीत. पहिल्या-दुसऱ्या आवृत्तीत आर्मर क्लास, म्हणजे वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला असे. २० मधून जुना आकडा वजा केला की नव्या पद्धतीच्या जवळचा आकडा मिळतो, म्हणजे जुना ४ तर नवा १६. राक्षस-प्राण्यांसाठी हेही करू नका, सध्याच्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला तोच प्राणी सरळ उचला. एनपीसीसाठी, म्हणजे डीएम चालवतो त्या पात्रांसाठी, 'व्हेटरन', 'मेज', 'स्पाय' हे तयार स्टॅट, म्हणजे ताकदीचे आकडे, घ्या आणि जुन्या पुस्तकातून फक्त स्वभाव घ्या.

पाचव्या आवृत्तीचं स्वतःचं 'स्वोर्ड कोस्ट अ‍ॅडव्हेंचरर्स गाइड', २०१५, मला पातळ वाटतं. मुलूख मोठा घेतला आणि पानांचा मोठा हिस्सा कॅरेक्टरच्या पर्यायांवर गेला. २०२५ च्या 'अ‍ॅडव्हेंचर्स इन फेरून' मध्ये डेलँड्स, मूनशे, कॅलिमशान हे प्रांत पुन्हा आले आहेत. खोली हवी असेल तर तरीही जुनं पुस्तक सोबत ठेवा.

६. पुस्तकात रेल्म्सचं साल १३७२, आमच्या कॅम्पेनमध्ये १४९२. मधे काय काय झालं?

१३५८ मध्ये देव पृथ्वीवर उतरले, तो संकटकाळ. १३८५ मध्ये जादूच कोसळली, त्याला स्पेलप्लेग म्हणतात. काही देश उचलून दुसऱ्या जगात गेले आणि नंतर परत आले. चौथ्या आवृत्तीने काळ १४७९ वर नेऊन ठेवला. सिल्व्हर मार्चेसचा संघ १४८४ च्या युद्धात फुटला. टिल्व्हर्टन त्याच्या किती तरी आधी, तिसऱ्या आवृत्तीच्याच काळात, उद्ध्वस्त झालं.

जुनं पुस्तक नव्या काळात वापरताना मी हा हिशेब ठेवतो: डोंगर, नद्या, खिंडी, व्यापारी रस्ते तसेच. माणसांची राजघराणी तीन-चार पिढ्या पुढे. एल्फ आणि बटू पुष्कळदा तेच, फक्त म्हातारे आणि जुनं वैर धरून बसलेले. एल्फ साक्षीदार असेल तर त्याला शंभर वर्षांपूर्वीचा करार तोंडपाठ असतो आणि समोरच्या माणसाला पणजोबाचं नावही आठवत नसतं. यातूनच चांगला संवाद निघतो.

सगळ्यात सोपं म्हणजे कॅम्पेनच १३७२ मध्ये सुरू करा. कुणी अडवत नाही.

७. पुस्तकं सगळी इंग्रजी, खेळ आमचा मराठी-कन्नड मिसळून. नावांचं काय करायचं?

गावांची नावं आहेत तशी ठेवा. खानावळी, वाटा, पूल, टेकड्या यांची नावं मात्र मराठीत करा, कारण खेळाडूला ती सेशनमध्ये पटकन आठवायला हवीत. 'उभा दगड' म्हटलं की कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

भाषा या विषयात आपल्याइतकं भांडवल फार थोड्या टेबलांकडे असेल. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक मुलखाची बोली आणि लिपी दिली आहे. चोंडाथन आणि इलस्कन या दोन्ही बोली थोरास लिपीत लिहितात, तर डमारन बटूंच्या डेथेक अक्षरांत लिहितात. बहुतेक डीएम हे वाचून पुढे जातात, कारण 'कॉमन' भाषा सगळ्यांना येते. ती 'कॉमन' काढून टाका. संडाबारच्या वेशीवर डेथेकमधली पाटी असेल तर ज्याच्या कॅरेक्टरला ती येते त्याच्या हातात कन्नडमध्ये लिहिलेली चिठ्ठी द्या आणि बाकीच्यांना विचारू द्या. टेबलावर ज्याला कन्नड चांगलं येतं तो एकदम महत्त्वाचा होतो, मग एरवी तो कितीही गप्प बसणारा असो. बाजारात भाव कमी करून घेताना बोली बदलली की दुकानदाराचा चेहरा बदलतो, हे आपण रोज बघतो. टेबलावर तेच करा. समोरच्याच्या बोलीत बोललं तर परस्वेशनच्या, म्हणजे मन वळवायच्या, फाशाला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे जादा संधी.

८. अंतरं मैलांत आहेत. अंदाज येत नाही.

पाचव्या आवृत्तीत साध्या चालीने दिवसाला २४ मैल, म्हणजे साधारण ३८ किलोमीटर. बेळगाव ते खानापूर एका दिवसात होतं आणि संध्याकाळ मोकळी राहते. बेळगाव ते निपाणी दोन दिवस, कोल्हापूर तीन दिवस. नकाशावर अंतर मोजलं की असं सांगा: 'हे निपाणीइतकं लांब आहे, मधे एक मुक्काम.' खेळाडू लगेच विचारतात, मुक्काम कुठे?

१९८७ च्या पेटीत मोठ्या नकाशांवर ठेवायला षटकोनी जाळीची पारदर्शक प्लास्टिकं होती. तसली जाळी ओएचपी शीटवर छापून घ्या. कॅरेन विन फॉनस्टॅड यांचा १९९० चा रेल्म्सचा नकाशासंग्रह मिळाला तर उत्तम. तिसऱ्या आवृत्तीच्या नकाशात खंड थोडा आवळला गेलाय, त्यामुळे जुन्या आणि नव्या नकाशावरची अंतरं जुळवायला जाऊ नका. एकच धरा.

९. मिळतात कुठे? बेळगावात दुकान आहे काय?

जुनी पुस्तकं ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि डीएम्स गिल्ड या साइटवर पीडीएफ म्हणून अधिकृत विकत मिळतात. किंमत डॉलरमध्ये असते, त्यामुळे परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. काहींची छापील प्रतही मागवता येते, पण टपालखर्च बघून मगच ठरवा. माझा सल्ला: पीडीएफ विकत घ्या, आपल्या प्रांताची पानं झेरॉक्सवाल्याकडून काळी-पांढरी काढून स्पायरल करा, नकाशा तेवढा रंगीत ए-थ्री वर काढून लॅमिनेशन करा. गटाने वर्गणी काढली तरी खातं एकाच्याच नावावर ठेवा.

१०. टेलिग्रामवर फुकट मिळतात की.

मिळतात, मी घेत नाही आणि देतही नाही. जुनी पातळ पुस्तकं सवलतीत खूप स्वस्त पडतात. ज्यांनी लिहिलं, नकाशे काढले, त्यांचा मान राखायचा तर एवढं करायलाच हवं.

११. खेळाडूंनी पुस्तक वाचलं तर मजा जाते काय?

डीएमचं पुस्तक वाचलं तर जाते. म्हणून खेळाडूंना 'व्होलोज गाइड' द्या. १९९२ पासून वॉटरडीप, उत्तर, स्वोर्ड कोस्ट, डेलँड्स अशी ही मालिका निघाली. व्होलो हा फिरस्ता, फुशारक्या मारणारा लेखक. तो खानावळींना चिलमी, पेले, नाणी आणि खंजीर अशा खुणा देतो, आणि खाली तळटिपांत म्हातारा एल्मिन्स्टर जादूगार त्याला दुरुस्त करत राहतो. व्होलो सांगतो ते खरं असेलच असं नाही, त्यामुळे खेळाडूने पान न् पान वाचलं तरी डीएमच्या हातात पत्ते राहतात. २०१८ च्या 'वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट' मध्येही व्होलोचा असाच एक भाग आहे, तो खेळाडूंना वाचायला देता येतो.

१२. आपल्या देशासारखा मुलूख रेल्म्समध्ये आहे काय?

पूर्ण पुस्तकभर नाही. जवळ जातात ते दुर्पार, एस्टागुंड आणि वार हे दक्षिणेकडचे तीन देश. १९९३ चं 'द शायनिंग साउथ' आणि २००४ चं त्याच नावाचं पुस्तक, दोन्हींत ते आहेत. तिथे 'अदामा' नावाची श्रद्धा आहे, सगळं चराचर एकाच तत्त्वाचा भाग मानणारी, आणि दुर्पारमध्ये सत्ता व्यापाऱ्यांच्या मंडळाकडे आहे. वरवरचं आहे. खेळताना तो मुलूख आपल्या माहितीने भरावा लागतो, आणि आपल्याकडे माहिती भरपूर आहे.

आशिया, अरबस्तान, मेक्सिको यांच्यावरून बेतलेले कारा-तुर, अल-कादिम आणि माझ्टिका यांची जुनी पुस्तकं वाचताना सावध राहा. काही कल्पना सुंदर आहेत, काही ठिकाणी खऱ्या लोकांची ढोबळ चित्रं आहेत. जुन्या पुस्तकांच्या विक्रीच्या पानावर कंपनीनेच तशी सूचना लावलेली आहे.

१३. खानापूर तालुक्यावर स्वतःचं सोर्सबुक करायचंय. कुठून सुरू करू?

हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो. पाण्यापासून सुरू करा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. म्हादई त्याच तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यातून समुद्राला मिळते. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. आता त्या माथ्यावर एक देऊळ ठेवा आणि दोन राज्यांच्या पुजाऱ्यांत मानाचा वाद लावा.

मग जुनी राजधानी. हलशी ही कदंबांची पलाशिका, तिथलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आजही उभं आहे. आज गाव लहान आणि पूर्वी राजधानी, हा फरक पुस्तकात ठसठशीत यायला हवा. मग किल्ला: भीमगड, रानात बुडालेला. मग गुहा: बारापेडेच्या गुहांत रॉटनचं दुर्मीळ वटवाघूळ राहतं. तिथे राक्षस घालायची गरज नाही, वटवाघळांना धक्का न लावता पार्टीने गुहेतून बाहेर यायचं, एवढं आव्हान पुरतं. मग घाट: जांबोटीवरून चोर्ल्याकडे जाणारी वाट, तिथे जकात कोण घेतो ते ठरवा. बाजाराला नंदगड आहे. कौलं-विटांच्या भट्ट्या खानापुरात आहेतच.

'सिल्व्हर मार्चेस'मधल्या बर्फाच्या जागी आमगाव-कणकुंबीचा पाऊस घाला. ओढ्याला पूर आला की गाव तुटतं, म्हणजे आषाढात सुरू झालेलं सेशन गणपतीपर्यंत त्याच वाडीत अडकू शकतं. तेवढ्या काळात घरात धान्य किती, आजारी कोण, वैदू पलीकडच्या काठावर, एवढ्यावर खेळ उभा राहतो.

प्रत्येक गावाला अर्धं पान द्या. कोण कर घेतो, कुठली बोली, पाणी कुठलं, कुणाशी वाकडं. खऱ्या जिवंत माणसांची नावं घालू नका. ज्यांच्या समाध्यांवर आजही फुलं वाहिली जातात त्यांना स्टॅट देऊ नका. १८३१ मध्ये नंदगडला फाशी गेलेले संगोळ्ळी रायण्णा अनेकांना दैवतासारखे आहेत.

१४. मग ते विकता येईल काय?

स्वतःचा मुलूख असेल तर येईल. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. योग्य श्रेय दिलं की मराठीतही वापरता येतात. पण त्यात वॉटरडीप, एल्मिन्स्टर, थे यांतलं काही वापरायचं असेल तर ते डीएम्स गिल्डवरच विकावं लागतं. तिथे लेखकाला विक्रीचा निम्मा वाटा मिळतो. दोन्हींची सरमिसळ करू नका.

१५. दोन पुस्तकांत एकाच गावाबद्दल वेगळं लिहिलंय. कुठलं खरं धरू?

तुमच्या टेबलावर आधी जे बोललं गेलं ते खरं. काहीच बोललं गेलं नसेल तर दोन्ही खरं धरा: एक गावकऱ्यांचं म्हणणं, दुसरं सरकारी दप्तरातलं. साल वेगळं असेल तर प्रश्न ६ बघा.

१६. आमच्या पार्टीने सिल्व्हरीमून जाळलं. पुस्तक वाया गेलं काय?

नाही, आता त्याचा खरा उपयोग आहे. जळालेल्या शहराचं पान बाजूला ठेवा आणि शेजाऱ्यांची पानं उघडा. लोक एव्हरलंडला जातील की संडाबारला? संडाबार किती जणांना आत घेईल? बटूंचे किल्ले दार उघडतील काय, आणि उघडलं तर कुणासाठी? संघाचा कारभार आता कुठून चालणार? ओबूल्डला बातमी कळायला किती दिवस लागतील? अंतरं प्रश्न ८ प्रमाणे मोजा. पुढच्या सेशनची सुरुवात एव्हरलंडच्या वेशीवर करा, बाहेर रांग लागलेली, आणि पार्टीतल्या कुणालाही कुणी अजून ओळखलेलं नाही.